हरणाच्या खिम्याचं सँडविच कोरडं, उग्र किंवा भुसभुशीत होत असेल तर

तक्रार दर हिवाळ्यात तीच असते. स्लॉपी जो, म्हणजे बनमध्ये भरलेला आंबट-गोड रश्श्याचा खिमा केला, पण तो दाताखाली कोरडा, कणकण लागला. बर्गर थापला, तर तव्यावर उलटताना फुटला. पॅटी मेल्ट, म्हणजे पावात खिम्याची चकती (पॅटी) आणि चीज घालून भाजलेलं सँडविच दिसायला सुरेख झालं, पण पहिल्याच घासाला असा उग्र वास आला की मुलांनी ताट बाजूला सारलं. अमेरिकेच्या मिडवेस्टात, म्हणजे विस्कॉन्सिन, मिनेसोटा, आयोवा या पट्ट्यात राहणाऱ्या मराठी घरांत हा प्रश्न वारंवार येतो, कारण इथे हरणाचा खिमा आणायला जावं लागत नाही, तो घरी येतो. विस्कॉन्सिनात बंदुकीने हरणं मारण्याचा मुख्य हंगाम नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंग सणाच्या आधीच्या शनिवारी सुरू होतो आणि नऊ दिवस चालतो. तो आटोपला की शेजारी, ऑफिसातले सहकारी, मुलांच्या संघाचे प्रशिक्षक गोठवलेली पाकिटं आपुलकीने आणून देतात. शिकारीचं हरीण विकायला परवानगी नाही, त्यामुळे ते वाटलंच जातं. दुकानात जे मिळतं ते पाळलेल्या हरणांचं, बरेचदा न्यूझीलंडहून आलेलं.

आपला हात मटणाच्या खिम्यावर बसलेला असतो. त्याच हाताने आपण हाही करायला जातो. आलं-लसूण वाढवतो, गरम मसाला वाढवतो, तरी वास जाईना म्हणून आणखी वाढवतो. माझं म्हणणं असं की बिघाड मसाल्यात नसतोच. तो चरबीत आणि पाण्यात असतो. या खिम्यात चरबी फार कमी आणि सुटं पाणी फार जास्त. या दोन गोष्टी आधी ठीक केल्या की बाकीचे निम्मे प्रश्न आपोआप सुटतात, आणि मग मसाला बेताचाच लागतो.

रानातल्या हरणाच्या निव्वळ मांसात शंभर ग्रॅमला दोन-तीन ग्रॅमच चरबी असते. अमेरिकेत बर्गरसाठी जो गोमांसाचा खिमा सर्रास वापरतात त्यात ती वीस टक्के असते. स्लॉपी जो, पॅटी मेल्ट, लूज मीट (बनमधला बिनसॉसचा मोकळा खिमा) ही सगळी सँडविचं त्या वीस टक्क्यांच्या भरवशावर जन्माला आली. त्यांच्या कृतींत तेल टाकायला सांगत नाहीत, उलट सुटलेली चरबी ओतून टाका असं सांगतात. हरणाच्या खिम्याला तीच कृती शब्दशः लावली तर ओतून टाकायला काही निघत नाही आणि तव्यात फक्त कोरडं प्रथिन उरतं.

पाकिटात नेमकं काय आहे?

दुरुस्तीची सुरुवात इथून करा, कारण पुढचं सगळं यावर ठरतं. देणाऱ्याला तीन गोष्टी विचारा. चरबी घातली आहे का, घातली असेल तर कशाची, आणि हरीण कुठून कापून घेतलं. शिकारी बहुधा हरीण कापून देणाऱ्या दुकानात नेतात, आणि तिथे खिमा करताना डुकराची किंवा गाईची चरबी मिसळून देण्याची पद्धत आहे. ज्यांच्या घरी गोमांस चालत नाही, किंवा डुकराचं मांस चालत नाही, त्यांनी हे विचारलंच पाहिजे. पाकिटावर फक्त ‘व्हेनिसन’ असा शिक्का असला म्हणून आत फक्त हरीणच असेल असं नाही. विचारायला संकोच वाटू देऊ नका. इथल्या शिकाऱ्यांना हा प्रश्न अगदी साधा वाटतो, ते अगत्याने सांगतात.

चरबी आधीच घातलेली असेल तर पुढे सांगितलेल्या दुरुस्त्या निम्म्याने करा. काहीच घातलेलं नसेल तर तुम्हाला घालावी लागेल. डुकराची पाठीवरची चरबी सगळ्यांत चांगली: चवीला सौम्य आणि लवकर वितळणारी. आठशे ग्रॅम हरणाला दोनशे ग्रॅम, म्हणजे एकूण मिश्रणाच्या वीस टक्के, हे बर्गरचं प्रमाण. स्लॉपी जोला दहा टक्के पुरते. बेकन घातलं तरी चालतं, पण त्याला धुराची आणि मिठाची चव असते, म्हणून मीठ कमी करा. यातलं काहीच चालत नसेल तर थंडगार लोणी किसून घाला, पौंडाला (सुमारे ४५० ग्रॅमला) तीन-चार मोठे चमचे. लोणी लवकर वितळून बाहेर येतं, त्यामुळे लोण्याचा बर्गर डुकराच्या चरबीच्या बर्गराइतका रसदार होत नाही. पण लूज मीटला आणि स्लॉपी जोला ते फार छान लागतं. बकऱ्याची किंवा मेंढीची चरबी मात्र घालू नका. ती तोंडात लगेच थिजते आणि तिचा स्वतःचा वास वर येतो.

खिमा करडा पडतो, पाणी सुटतं, खरपूस होत नाही

सगळ्यांत जास्त बिघडतं ते याच टप्प्यावर, आणि वासाची तक्रारही पुष्कळदा इथेच सुरू होते. गोठवलेला खिमा वितळला की पाकिटात लालसर पाणी साचतं. गोठताना पेशी फुटतात आणि आतला रस बाहेर येतो. ते पाणी खिम्यासकट पातेल्यात ओतलं, वर लगेच कांदा टाकला आणि आपल्या सवयीने उलथण्याने ढवळत राहिलं की खिमा भाजला जात नाही, उकडला जातो. उकडलेल्या हरणाला जो वास येतो त्यालाच लोक ‘रानटी वास’ म्हणतात. तोच खिमा नीट खरपूस केला तर तो वास पुष्कळ मवाळ होतो.

उपाय असा. खिमा आदल्या रात्री फ्रीजमध्ये वितळायला ठेवा, ओट्यावर नको. सकाळी पाकीट चाळणीत उलटा, खाली ताट ठेवा आणि पाणी निथळू द्या. मग कागदी टॉवेलवर पसरून वरूनही टिपून घ्या. जाड बुडाचा बिडाचा तवा किंवा पसरट कढई चांगली तापवा, दोन चमचे तेल घाला आणि खिमा एका मोठ्या जाड थालीपिठासारखा तव्यावर दाबून पसरा. पौंडभर खिमा एका वेळी, त्याहून जास्त नको. आता चार-पाच मिनिटं हात लावू नका. आपल्याला हेच जमत नाही. हात शिवशिवतात, पण ढवळलं की पाणी सुटतं आणि तवा गार होतो. खालची बाजू गडद तपकिरी झाली की मोठे तुकडे करून उलटा, दुसरी बाजू मिनिटभरच ठेवा आणि मग फोडा. दोन्ही बाजू काळपट होईपर्यंत भाजायची गरज नाही. एका बाजूचा खरपूसपणा पुऱ्या सँडविचला पुरतो, आणि उरलेला खिमा मऊ राहतो.

कांदा आणि ढोबळी मिरची वेगळी परता, किंवा खिमा काढून घेऊन त्याच तव्यात परता. कांद्याला सुटलेल्या पाण्याने तव्याला चिकटलेला खरपूस भाग मोकळा होतो आणि तो रस्सा बनतो.

खरपूस झाला, तरी आतून कोरडाच

इथे खाण्याचा सोडा कामाला येतो. पौंडभर खिम्याला पाव छोटा चमचा सोडा, एक मोठा चमचा पाण्यात विरघळवून, हलक्या हाताने मिसळा आणि पंधरा मिनिटं ठेवा. सोड्याने मांस किंचित अल्कधर्मी होतं, त्यामुळे शिजताना प्रथिनं एकमेकांना तितकी घट्ट आवळत नाहीत आणि पाणी आत राहतं. खरपूसपणाही लवकर येतो. प्रमाण मात्र वाढवू नका. अर्धा चमचा झाला की साबणासारखी चव येते. बर्गरला सोडा मी वापरत नाही, तिथे दुसरा उपाय आहे आणि तो पुढे सांगते.

दह्यात खिमा मुरवण्याचा मोह टाळा. आख्ख्या तुकड्यांना दही चांगलं, पण खिम्याला ते पिठूळ करतं. कच्च्या पपईबद्दल तर बोलायलाच नको, तासाभरात लगदा होतो.

कोरडेपणाचं आणखी एक कारण म्हणजे नुसताच जास्त वेळ शिजवणं. मटणाचा खिमा आपण अर्धा-पाऊण तास शिजवतो, कारण त्यात चरबी असते आणि ती त्याला सांभाळून घेते. हरणाच्या खिम्याला तसं कुणी सांभाळणारं नसतं. तो ७१ अंश सेल्सिअसला, म्हणजे १६० फॅरनहाइटला पोहोचला की झाला. कुठल्याही खिम्यासाठी अमेरिकी कृषी खात्याने सांगितलेलं सुरक्षित तापमान तेच आहे. त्याच्या वर आणि त्याच्या खाली, दोन्हीकडे जाऊ नका. रंगावर विसंबू नका. हरणाचं मांस मुळातच गडद असतं, आणि खिमा शिजण्याआधीही तपकिरी दिसू शकतो. टोकदार डिजिटल थर्मामीटर घ्या. या एका वस्तूने जेवढा फरक पडतो तेवढा कुठल्याच मसाल्याने पडत नाही.

उग्र वास कुठून येतो?

वास तीन प्रकारचे असतात आणि त्यांची औषधं वेगळी आहेत. म्हणून आधी ओळखा, मग उपाय करा. ओळखण्यासाठी लिंबाएवढा खिमा मीठही न घालता तेलाच्या दोन थेंबांवर परता आणि खाऊन बघा. पौंडभर बिघडवण्यापेक्षा ही दोन मिनिटं परवडतात.

वास मेणचट असेल, टाळूला काहीतरी चिकटल्यासारखं होत असेल, तर खिम्यात हरणाची स्वतःची चरबी गेली आहे. ती बकऱ्याच्या चरबीपेक्षाही कडक असते आणि तोंडातल्या उष्णतेला वितळत नाही. जाणकार शिकारी ती हरीण कापतानाच काढून टाकतात, स्नायूंवरची पांढरी पातळ त्वचाही काढतात आणि मांडीतल्या, खांद्यातल्या गाठी काढतात. तुमच्या हाती तयार खिमा आला असेल तर आता ती वेगळी काढता येत नाही. मग हा खिमा गरमागरम खायच्या, आंबट-गोड रस्सा असलेल्या सँडविचला वापरा, म्हणजे स्लॉपी जोला. बर्गरला वापरू नका, कारण बर्गर थोडा निवला की ती चरबी लगेच जाणवते.

वास खवट असेल, जुन्या तेलासारखा, तर पाकीट फ्रीझरमध्ये फार दिवस पडलेलं आहे. मिसळलेली चरबी गोठवल्यावरही हळूहळू खवट होते. डुकराची चरबी घातलेला खिमा साध्या कागदात तीन-चार महिन्यांत संपवावा, हवा काढून बंद केलेल्या पाकिटात तो त्याहून बराच टिकतो. खवटपणावर औषध नाही. मसाल्याने तो झाकला जात नाही, उलट मसाल्यासकट खवट लागतो. टाकून द्या. आणि आंबट किंवा कुजका वास येत असेल, बोटांना चिकट लागत असेल, तर चाखूनही बघू नका.

तिसरा वास यकृतासारखा, रक्ताचा, थोडा लोखंडी. हा बिघाड नाही. हरणाच्या स्नायूंत मायोग्लोबिन हे लोह असलेलं लाल प्रथिन भरपूर असतं, त्याची ही चव आहे. मला वाटतं या चवीशी भांडू नये. तिला आंबट आणि गोड जोडीदार द्यावा: मोहरीची चटणी म्हणजे मस्टर्ड, व्हिनेगर, टोमॅटो, तपकिरी साखर, हळू परतलेला कांदा. आपल्याकडचे मसाले घालायचे तर भरड कुटलेले मिरे आणि थोडं जिरं घाला. लवंग-दालचिनी हात आखडून. घरच्या गोड्या मसाल्याचा छोटा अर्धा चमचा स्लॉपी जोमध्ये फार सुंदर लागतो, कारण त्या रश्श्यात गोडवा आधीच असतो. शिकारीच्या पद्धतीनेही चव बदलते: हरीण मारल्यावर पोट लगेच साफ करून थंड केलं का, नोव्हेंबरचा दिवस उबदार होता का. ज्यांच्याकडून चांगला खिमा आला त्यांना तसं जरूर कळवा. पुढच्या वर्षी तेही तेवढीच काळजी घेतील.

बर्गर फुटतो, किंवा चेंडूसारखा फुगतो

फुटण्याचं पहिलं कारण म्हणजे आत घातलेला कच्चा कांदा, कोथिंबीर, मिरच्या. आपण कबाबाच्या सवयीने हे घालतो. कबाबात डाळीचं पीठ किंवा अंडं ते धरून ठेवतं, बर्गरात धरणारं काही नसतं. सगळं बाहेर ठेवा, कांदा वरून द्या. दुसरं कारण, खिमा गरम. थापण्याआधी अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवा, थापल्यावर पुन्हा पंधरा मिनिटं.

आता तो दुसरा उपाय. कडा काढलेल्या पावाची एक चकती तीन मोठे चमचे दुधात भिजवून लगदा करा, त्यात अंड्याचा पिवळा बलक घाला आणि पौंडभर खिम्यात बोटांनी मिसळा, मळू नका. हा लगदा पाणी धरून ठेवतो, म्हणून ७१ अंशांपर्यंत नेऊनही बर्गर मऊ राहतो. मीठ मिश्रणात घालू नका. मिठाने स्नायूंतलं मायोसिन नावाचं प्रथिन विरघळतं आणि बर्गराचा पोत सॉसेजसारखा रबरी होतो. तव्यावर टाकायच्या क्षणी वरून दोन्ही बाजूंनी मीठ-मिरे भुरभुरवा.

फुगायचं कारण सोपं आहे. कडा आधी आवळतात आणि मधला भाग वर ढकलला जातो. पाऊण इंच जाडीचा बर्गर थापा आणि मध्ये अंगठ्याने खळगा करा. उलथण्याने वरून दाबू नका, आधीच थोडा असलेला रस बाहेर पळतो.

तव्यावर पातळ दाबून केलेला स्मॅश बर्गर हरणाचा जमतो का, असं विचारलं जातं. वीस टक्के चरबी घातली असेल तर जमतो, आणि उत्तम जमतो, कारण पातळ थर आत कोरडा पडण्याआधी बाहेरून खरपूस होतो. चरबी नसेल तर तव्याला चिकटतो आणि ओरबाडून काढावा लागतो. दोन पातळ थरांमध्ये अमेरिकन चीजची चकती ठेवली की ती रश्श्याचं काम करते.

स्लॉपी जो: पाव भिजतो, खिमा वेगळा आणि रस्सा वेगळा

स्लॉपी जोचा उगम नेमका कुठला यावर अमेरिकेत अजून वाद आहे. आयोवातल्या सू सिटीचं नाव सगळ्यांत जास्त घेतलं जातं. घराघरांत तो पोहोचला मात्र डबाबंद सॉसमुळे. हंट्स कंपनीने ‘मॅनविच’ १९६९ साली बाजारात आणलं. तो डबा चरबीवाल्या खिम्यासाठी बेतलेला आहे. हरणाच्या खिम्यावर तो ओतला की रस्सा धरायला चरबी नसते, म्हणून तो सुटा राहतो आणि पावात जिरतो.

घरी करा, अवघड नाही. पौंडभर खिमा वर सांगितल्याप्रमाणे सोडा लावून, एका बाजूने खरपूस करून घ्या. त्याच तव्यात दोन चमचे लोणी, एक मोठा कांदा आणि अर्धी ढोबळी मिरची बारीक चिरून परता, तीन पाकळ्या लसूण घाला. दोन मोठे चमचे घट्ट टोमॅटो पेस्ट घालून ती तेल सोडेपर्यंत आणि रंग गडद होईपर्यंत परता. ही पायरी आपल्याला वाटण परतायच्या सवयीने सहज जमते, आणि बऱ्याच अमेरिकी कृतींत ती नसते. मग अर्धी वाटी केचप, एक चमचा मस्टर्ड, एक चमचा वुस्टरशायर सॉस, एक चमचा तपकिरी साखर किंवा गूळ, दोन चमचे व्हिनेगर आणि पाऊण वाटी पाणी किंवा चिकनचा रस्सा. वुस्टरशायरमध्ये अँकोवी मासे असतात, मासे न चालणाऱ्यांनी चिंचेचा कोळ घालावा. मूळ सॉसमध्येही चिंच असतेच.

खिमा परत घालून मंद आचेवर दहा-बारा मिनिटं. कणकण वाटत असेल तर बटाटे कुस्करायच्या दट्ट्याने तव्यातच दाबा. कण बारीक झाले की रस्सा त्यांना धरतो. कधी थांबायचं? उलथणं बुडावरून ओढलं की मागे वाट उघडी राहून दोन क्षणांनी बुजली पाहिजे. लगेच बुजली तर अजून आटवा. बन आतून लोणी लावून तव्यावर करकरीत भाजा, आणि खिमा वाढायच्या क्षणीच भरा.

लूज मीट: नुसता कोरडा चुरा, खाली सांडणारा

हा आयोवाचा खास पदार्थ. फ्रेड अँजेल नावाच्या खाटकाने १९२६ साली मस्कटीन गावात मेड-राइट या लूज मीट विकणाऱ्या दुकानांच्या साखळीचं पहिलं दुकान काढलं. यात सॉस नसतोच. खिमा मोकळा वाफवून, कांदा, पिवळं मस्टर्ड आणि लोणच्याच्या चकत्या घालून मऊ बनमध्ये देतात, आणि सांडलेला उचलायला चमचा देतात. म्हणजे थोडं सांडणं हा दोष नाही. दोष कोरडेपणाचा. सॉस नसल्याने इथे हरणाचा खिमा सगळ्यांत उघडा पडतो. म्हणून इथेच हात सैल सोडा: पौंडाला तीन चमचे लोणी आणि एक वाटी रस्सा घालून झाकण ठेवा, मंद आचेवर रस जेमतेम आटेपर्यंत शिजवा. तळाशी थोडा ओलावा राहिलाच पाहिजे. झाऱ्याने निथळून लगेच बनमध्ये भरा.

पॅटी मेल्ट: पाव जळतो, चीज वितळत नाही

दक्षिण कॅलिफोर्नियातल्या खानावळींतून पसरलेला हा प्रकार: राय पाव, स्विस चीज, खूप परतलेला कांदा, पातळ पॅटी. पाव जळतो कारण आपण पॅटी भाजलेल्या त्याच तापलेल्या तव्यावर सँडविच ठेवतो. तवा पुसून थंड होऊ द्या, मंद आच करा, बाहेरून लोणी लावा, आणि पहिली तीन मिनिटं वर झाकण ठेवा. चीज दोन्ही बाजूंना हवं, पावाला चिकटून. चीजमुळे पॅटी पावाला धरून राहते, आणि हरणात नसलेली चरबीही तेच देतं. पॅटी पावाच्याच आकाराची, लांबट थापा. कांदा निदान पस्तीस-चाळीस मिनिटं मंद आचेवर हवा. घाईने तपकिरी केलेला कांदा तिखट राहतो, आणि हरणाला गोड कांदा लागतो.

मिनियापोलिसचा जूसी लूसी, म्हणजे पोटात चीज भरलेला बर्गर, हरणाचा करून बघावासा वाटला तर दोन पातळ चकत्यांच्या कडा ओल्या बोटांनी नीट मिटवा, नाहीतर चीज तव्यावर येतं. थर्मामीटर मांसात टोचा, चीजमध्ये नको, आणि खाण्याआधी पाच मिनिटं थांबा. आतलं चीज जीभ पोळवतं.

दाताखाली कडक काही आलं तर

बहुतेक वेळा ती शीर किंवा पांढरी त्वचा असते. खिमा पुन्हा एकदा बारीक जाळीतून काढला की जाते. यंत्रात घालण्याआधी खिमा अर्धवट गोठलेला ठेवा, नाहीतर चरबी चोळली जाऊन लगदा होतो. पण कडक कण धातूचा असू शकतो, आणि हे मी पोटतिडकीने सांगते आहे. शिशाची गोळी हरणात शिरताना फुटते आणि बारीक कण जखमेपासून बरेच दूर जातात. डोळ्याला दिसत नाहीत, दाताला लागत नाहीत, आणि खिमा करताना सगळीकडे पसरतात. २००८ साली नॉर्थ डकोटाच्या आरोग्य विभागाने गरजूंना अन्न वाटणाऱ्या केंद्रांना दान आलेला हरणाचा खिमा वाटू नका असं कळवलं, ते पाकिटांत शिशाचे कण सापडल्यामुळेच. म्हणून देणाऱ्याला विचारा: गोळी तांब्याची होती का, की बाणाने मारलं? शिशाची असेल तर लहान मुलांना आणि गरोदर बाईला तो खिमा देऊ नका. शिजवून शिसं जात नाही.

दुसरी विचारपूस रोगाची. क्रॉनिक वेस्टिंग डिसीज हा हरणांचा मेंदूचा रोग १९६७ साली कोलोरॅडोतल्या एका संशोधन केंद्रातल्या हरणांत पहिल्यांदा दिसला आणि २००२ साली विस्कॉन्सिनच्या रानात सापडला. माणसाला तो झाल्याची नोंद नाही, पण बाधित हरीण खाऊ नये असा अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राचा सल्ला आहे, आणि त्याला कारणीभूत प्रथिनं शिजवण्याने नष्ट होत नाहीत. विस्कॉन्सिनात राज्य सरकार फुकट तपासणी करून देतं. तपासलेलं असेल तर देणारा आपणहून सांगतो. आणि त्याने आपलं हरीण इतरांच्या हरणांपासून वेगळं कापून घेतलेलं असेल तर उत्तम. काही दुकानांत अनेकांची हरणं एकत्र करून खिमा करतात, मग एकाची तपासणी पुरेशी ठरत नाही.

अस्वलाचा किंवा रानडुकराचा खिमा मिळाला तर वरच्या कृती चालतील, पण त्यात ट्रिकिनेला नावाच्या कृमीचा धोका असतो. अस्वलातली जात गोठवण्याने मरत नाही. तिथे थर्मामीटरशिवाय तवा ठेवूच नये.

हे वाचून पुण्या-नाशिकात कुणी हरणाचा खिमा शोधू नका. भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला आणि असं मांस बाळगायलाही बंदी आहे, आणि ती योग्यच आहे. मांडीचा, चरबी काढलेला बकऱ्याचा खिमा घ्या. तो हरणाच्या पुष्कळ जवळ जातो, आणि वरच्या दुरुस्त्या, विशेषतः निथळणं, एका बाजूने खरपूस करणं आणि लोणी घालणं, त्याला जशाच्या तशा लागू पडतात.

स्लॉपी जोचा उरलेला खिमा दुसऱ्या दिवशी जास्त चांगला लागतो, फक्त फ्रीजमध्ये तो घट्ट होतो. गरम करताना दोन चमचे पाणी आणि एक चमचा लोणी घाला, झाकण ठेवून मंद आचेवर चांगली वाफ येऊ द्या. बर्गर पुन्हा गरम करू नका, तो कोरडा होणारच. कुस्करून याच रश्श्यात टाका.